घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये स्वतः उतरायचंय, अंगावर काय काय घालू?

नवा_घरमालक_केरी

नमस्कार मंडळी. मी नॉर्थ कॅरोलायनात केरीला असतो, मागच्या नोव्हेंबरात १९८८ सालचं घर घेतलं. जन्म सगळा पुण्यात फ्लॅटमध्ये गेलेला, त्यामुळे घराच्या खाली काय असतं हा प्रश्न कधी पडलाच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इकडे बरीच घरं जमिनीवर टेकलेली नसतात, ब्लॉकच्या बुटक्या भिंतींवर लाकडी जमीन ठेवलेली असते आणि खाली दोन-तीन फुटांची पोकळी, त्यातून पाण्याचे पाइप, एसीचे डक्ट, वायरी सगळं गेलेलं. उभं राहता येत नाही, रांगतच जायचं, म्हणून क्रॉल स्पेस. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे उंदरांना पण वेगळी खोली घेतलीस का."

तर प्रॉब्लेम असा की लाँड्रीच्या खोलीत मशीनच्या बाजूला जमीन दबते, पाय पडला की कळतं, आणि पाऊस झाला की जुन्या ट्रंकेतल्या गोधड्यांसारखा कुबट वास येतो. घर घेतानाच्या रिपोर्टमध्ये क्रॉल स्पेसचे चारच फोटो होते आणि खाली लिहिलेलं की मर्यादित भागच पाहता आला. दोन कंपन्यांना बोलावलं, दोघांची माणसं दारातून टॉर्च मारून पाच मिनिटांत बाहेर आली आणि अख्खी पोकळी प्लॅस्टिकने सील करायचं पाच आकडी कोटेशन हातात. मला आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय की खाली नेमकं झालंय काय.

दार मागच्या बाजूला, तिथे उंची साधारण तीन फूट. सेल्फी स्टिकला मोबाइल लावून व्हिडिओ काढला तर दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड फूट दिसतेय. आणि लाँड्री अर्थातच त्या टोकाला. माझी उंची पाच दहा, वजन ८६ किलो, चष्मा आहे, दाढी आहे. मास्क कुठला, तो पांढरा सूट खरंच लागतो का, गुडघ्यांना काय, हातात काय? बजेट दीडशे डॉलर. बायको म्हणतेय खाली गेलास तर घरात घेणार नाही, त्यामुळे परत येतानाचं पण सांगा.

अटलांटाचा_बाप्पू

अहो इतकं काय त्यात. कोव्हिडच्या वेळचे एन९५ पडले असतील घरात ते लावा, जुनी जीन्स, जुना फुलशर्ट, बागकामाचे ग्लोव्हज, टॉर्च. मी बारा वर्षं असाच उतरतोय वर्षातून एकदा फिल्टर बदलायला. गुडघ्याला मात्र काहीतरी लावा, चाळिशीनंतर गुडघे माफ करत नाहीत.

रांगणारा_इन्स्पेक्टर

बाप्पू, तुमची उंची चार फूट असणार आणि फिल्टर दाराजवळ असणार, बरोबर ना? दीड फुटातून पोटावर सरकत जाणं हा वेगळा मामला आहे.

मी रालीच्या आसपास होम इन्स्पेक्शन, म्हणजे घर विकत घेण्याआधीची तपासणी, करतो, आधी आयटीत होतो, नऊ वर्षं झाली आता. आठवड्याला तीन-चार क्रॉल स्पेस होतात. दादा, सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिलं म्हणजे तुमच्या इन्स्पेक्टरला शिव्या देऊ नका. आमच्या होम इन्स्पेक्टरांच्या आशी संघटनेच्या नियमांत सरळ लिहिलंय की जमीन आणि वरचं लाकूड यात २४ इंचांपेक्षा कमी जागा असेल किंवा दार १६ बाय २४ इंचांपेक्षा लहान असेल तर आत शिरायचं बंधन नाही. दीड फुटात मी स्वतः गेलोय पण प्रत्येक वेळी जात नाही. तुम्ही आधी घरात जमिनीवर झोपा, डायनिंग टेबलाच्या खुर्चीच्या खालच्या दांडीखालून सरकून जाऊन बघा. अडकल्यावर पोटात गोळा येतोय का ते घरातच कळलेलं बरं. येत असेल तर गिअरवर एक पैसा खर्च करू नका, माणूस बोलवा.

आता मास्क. सगळ्यात जास्त विचार इथे करा, बाकी सगळं फाटलं तरी चालतं. हाफ फेस रबरी मास्क घ्या, दोन बाजूंना चकत्या लागतात तो. थ्रीएमचा ६२०० म्हणजे मीडियम, ६१०० स्मॉल, ६३०० लार्ज, बहुतेक आपल्या लोकांना मीडियम बसतो पण नाक आणि हनुवटी बघून घ्या. त्याला पी१०० च्या गुलाबी चकत्या, २०९१ नंबरच्या. २०९७ घेतल्या तर त्यात थोडा कार्बन असतो, कुबट वास जरा कमी येतो, पण माझं मत विचाराल तर इन्स्पेक्शनला वास आलेला चांगला, नाकाने अर्धं काम होतं. एन९५ म्हणजे कमीत कमी ९५ टक्के कण अडवतो, पी१०० म्हणजे ९९.९७ टक्के. धूळ, बुरशीचे कण, इन्सुलेशनचं फायबरग्लास, उंदराच्या लेंड्यांचा भुगा, सगळ्याला हे चालतं.

पण दाढी. दाढीवर कुठलाच असा मास्क बसत नाही, हे मी कितीही गोड बोलून सांगितलं तरी तेच आहे. हवा नेहमी सोपी वाट शोधते, फिल्टरमधून जाण्यापेक्षा केसांमधून जाते. रबराची कड जिथे टेकते तिथे गुळगुळीत हवं, दोन दिवसांचे खुंटसुद्धा नकोत. मिशी कडेच्या आत मावत असेल तर राहू दे. लावल्यावर दोन टेस्ट करायच्या, चकत्यांच्या मधोमध अंगठे दाबून हळू श्वास आत घ्या, मास्क चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला पाहिजे. मग पुढच्या व्हॉल्व्हवर तळहात ठेवून हळू श्वास सोडा, मास्क जरासा फुगला पाहिजे आणि कुठून फुस्स व्हायला नको. दर वेळी करायचं हे, एकदा केलं म्हणजे झालं असं नाही.

सूट लागतो, हो. टायवेकचा (कागदासारखं दिसणारं प्लॅस्टिकचं कापड) हूडवाला, मनगटाला आणि घोट्याला इलास्टिक असलेला. पायमोजे जोडलेला घेऊ नका, खाली मातीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर घसरतो आणि दोन मिनिटांत फाटतो, त्यापेक्षा बूट घाला आणि पायजम्याचा इलास्टिक बुटावर ओढा, वरून टेप मारा. तुमच्या मापापेक्षा दोन साइज मोठा घ्या, हे लक्षात ठेवा, रांगताना पाय पोटाशी घेतला की नेमका बैठकीत टर्रकन जातो. पेंट सेक्शनमधले स्वस्त पांढरे सूट असतात ते रंगाच्या शिंतोड्यांपुरते. टायवेक धूळ आणि फायबरग्लास उत्तम अडवतो, पण चिखलात पाणी साचलेलं असेल तर शिवणीतून आत येतं, त्याच्या भरवशावर ड्रेनेजच्या पाण्यात लोळू नका. आणि आत घाम खूप येतो. आत एक पातळ टीशर्ट आणि ट्रॅक पँट, बस्स.

गुडघ्यांना टोपीसारखे कडक प्लॅस्टिकवाले पॅड घेतले की प्लॅस्टिकच्या शीटवर बर्फावर चालल्यासारखं होतं, मऊ तळाचे घ्या, दोन पट्ट्यांचे, आणि ते सूटच्या आत बांधा. बाहेर बांधले की सूट ओढून फाडतात. कोपरांना पण, दीड फुटात गुडघे नाही कोपरंच चालतात.

डोक्याला कन्स्ट्रक्शनचं हेल्मेट नको, उंच असतं, दर जॉइस्टला, म्हणजे लाकडी जमीन पेलणाऱ्या आडव्या तुळईला, आपटतं. बंप कॅप मिळते, क्रिकेटच्या टोपीसारखी दिसते, आत प्लॅस्टिकची वाटी. वरून काही पडलं तर ती वाचवणार नाही पण क्रॉल स्पेसमध्ये वरून पडत नाही, आपणच जाऊन आदळतो. आणि लाकडी जमिनीतून खाली आलेले खिळे असतात, एक इंच टोक बाहेर, शेकड्याने. माझ्या टोपीवर ओरखडे मोजायचे मी सोडून दिले.

हातात नायट्राइलचा कोट असलेले कामाचे ग्लोव्हज, बागकामाचे कापडी नकोत, ओले होतात. आत पातळ निळे घातले तर काढताना सोपं. डोळ्यांना चष्म्यावरून बसणारे बंद गॉगल, झेड८७ (डोळ्यांच्या सुरक्षेचं मानक) असं लिहिलेले, अँटीफॉग. हाफ मास्कचा एक फायदा इथे पण आहे, श्वास खालून बाहेर जातो त्यामुळे चष्मा कमी धुरकट होतो, एन९५ मध्ये नाकाजवळून वाफ वर येते. पाठीवर झोपून वर बघताना फायबरग्लासचे तुकडे थेट डोळ्यांत पडतात, साधा सेफ्टी चष्मा त्याला पुरत नाही.

हेडलॅम्प एक आणि खिशात दुसरी टॉर्च. दुसरी म्हणजे दुसरीच, मोबाइलची नाही.

डेन्व्हरची_मावशी

उंदरांचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्याकडे कोलोरॅडोत डिअर माऊस असतो आणि त्याच्या लेंड्या, मूत वाळून धूळ उडाली की हंताव्हायरस होऊ शकतो, अमेरिकेत १९९३ मध्ये फोर कॉर्नर्सला, म्हणजे चार राज्यं एकत्र मिळतात तिथे, पहिल्यांदा ओळखला गेला. २०१२ मध्ये योसेमिटीच्या पार्कात तंबूवजा केबिनमध्ये राहिलेल्या १० जणांना झाला, त्यातले तिघं गेले. त्या केबिनच्या भिंतींच्या पोकळीत उंदरांची घरटी सापडली होती. त्यामुळे खाली लेंड्या दिसल्या तर झाडू नाही, साधा व्हॅक्यूम तर मुळीच नाही. एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, फवारून पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि मग ओल्या कागदाने उचलायचं. परत आल्यावर दोन महिन्यांच्या आत ताप, अंगदुखी, धाप असं काही झालं तर डॉक्टरला स्वतःहून सांगा की मी घराखाली गेलो होतो, ते विचारत नाहीत.

अटलांटाचा_बाप्पू

घाबरवू नका हो त्यांना, हंताच्या जवळजवळ सगळ्या केसेस मिसिसिपीच्या पश्चिमेला असतात. आणि इन्स्पेक्टर साहेब, एक टेक्निकल मुद्दा, ओशाच्या (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) तक्त्यात एन९५ आणि तुमचा तो रबरी हाफ मास्क दोन्हींचा प्रोटेक्शन फॅक्टर १० च आहे, म्हणजे आत धूळ दहापट कमी. मी फार्मा प्लांटमध्ये काम करतो, दर वर्षी आमची फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला नीट बसतो का याची तपासणी, होते म्हणून माहितेय. मग वीस-पंचवीस डॉलर जास्त कशाला?

रांगणारा_इन्स्पेक्टर

मुद्दा बरोबर आहे, मान्य. कागदावर दोघं सारखे. पण तुम्हीच म्हणालात ना फिट टेस्ट होते, दादांची कोण करणार? रबरी मास्कची सील आपली आपण तपासता येते, एन९५ वर तपासता येते म्हणतात पण नीट कळत नाही. दुसरं, पोटावर सरकताना हनुवटी मातीला लागते, मान वळवली की एन९५ ची नाकावरची पट्टी हलते, घामाने अर्ध्या तासात ओला होतो. आणि मातीचे हात घेऊन तो सारखा करायला जाल तर झालंच. ज्याला एन९५ व्यवस्थित बसतो, दहा मिनिटांचं काम आहे, कोरडी जागा आहे, त्याने बिनधास्त तो लावावा, मी नाही म्हणणार नाही. मावशींचं पण खोटं नाही, आपल्याकडे हंता दुर्मिळ, पण लेंड्यांची धूळ फुफ्फुसात नकोच.

आपल्या भागात मला जास्त काळजी असते ती कॉपरहेडची, विषारी साप. मार्चनंतर दार उघडलं की लगेच डोकं घालू नका, काठीने चौकट ठोका, हेडलॅम्प फिरवा, दाराजवळच्या कोपऱ्यांत आणि प्लॅस्टिकच्या घड्यांत बघा. ब्लॅक विडो कोळी पण दाराच्या चौकटीलाच असतो बहुतेक वेळा. जिथे डोळे पोचत नाहीत तिथे हात घालायचा नाही, हा नियम. बाकी उंटासारखी पाठ असलेले रातकिडे असतात, कॅमल क्रिकेट, प्रकाश पडला की पळून जायच्या ऐवजी तुमच्याच अंगावर उडी मारतात. काही करत नाहीत. पण पहिल्यांदा माणूस दचकून डोकं आपटतो. म्हणून टोपी.

ऑकलंडवाली_अनु

मी न्यूझीलंडहून. इथे जुनी लाकडी घरं सगळी खुंटांवर उभी असतात त्यामुळे घराखाली जाणं नेहमीचंच, फक्त आमच्याकडे साप नाहीत हे एक सुख. पण तुमच्या सगळ्यांच्या यादीत एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितेय, वीज.

इथे पूर्वी जमिनीच्या खालच्या बाजूला चांदीसारखी फॉइल स्टेपल करून लावायचे, इन्सुलेशन म्हणून. स्टेपल वायरीत घुसली की अख्खी फॉइल करंट मारणारी, त्यात लोक गेले, शेवटी २०१६ मध्ये घरात अशी फॉइल बसवण्यावर बंदी आली. तरी जुन्या घरांत आहेच. आम्हाला इलेक्ट्रिशियनने सांगून ठेवलंय की घराखाली जायच्या आधी मेन स्विच बंद, मग काहीही असो. तुमच्याकडे फॉइल नसेल पण लोखंडी डक्ट, तांब्याचे पाइप, उंदराने कुरतडलेली वायर आणि ओली माती तर असेलच ना? रबरी ग्लोव्हज आहेत म्हणून चालेल असं समजू नका, ते विजेसाठीचे नसतात.

आणि १९८० च्या आधीचं घर असेल तर डक्टवर, पाइपवर पांढरं-करडं पुठ्ठ्यासारखं काही गुंडाळलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, ॲस्बेस्टॉस असू शकतं. केरीवाल्या दादांचं ८८ चं आहे म्हणजे शक्यता कमी, पण वाचणारे इतर असतील.

रांगणारा_इन्स्पेक्टर

अनुताई, शंभर टक्के. मी पेनासारखा व्होल्टेज टेस्टर खिशात ठेवतो, डक्टला हात लावायच्या आधी जवळ नेऊन बघतो. दादा, मेन बंद केलात तर फ्रीजचं आणि वरच्या कामाचं बघून घ्या, नसेल जमत तर निदान खालचे दिवे-प्लग, एसी, लाँड्री एवढे ब्रेकर बंद. आणि पाणी साचलेलं दिसलं आणि त्यात वायर किंवा पंप आहे, तर आत जायचंच नाही. दारातूनच परत.

रत्नागिरीचा_पेस्टवाला

मी तिकडचा नाही, इथे कोकणात पेस्ट कंट्रोलचा धंदा, थ्रेड वाचून गंमत वाटली. आपल्याकडे जोत्यात मुरूम भरून ठोकून काढतात, वर फरशी, त्यामुळे घराखाली जायचा प्रश्नच नाही, वाळवीचं औषध पण बांधकामाच्या वेळीच मातीत मारतो किंवा नंतर फरशीला भोकं पाडून. पण एक गोष्ट आपल्याला इथून चांगली माहितेय. फिल्टरवाला मास्क धूळ अडवतो, हवा तयार करत नाही. सेप्टिक टँकमध्ये, जुन्या विहिरीत तोंडाला फडकं बांधून उतरलेली माणसं आणि त्यांना काढायला गेलेली दुसरी माणसं, दर पावसाळ्यात पेपरात वाचतो आपण. तुमच्या पोकळीला भिंतीत जाळ्या असणार त्यामुळे तसं नसेल, पण खाली गॅसवर चालणारं काही आहे का, हीटर वगैरे? आणि तुमच्यासोबत बाहेर कोण थांबणार?

आणि वाळवी बघायची असेल तर फाउंडेशनच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या वर चढलेल्या दिसतात का बघा. एखादी मधेच मोडून ठेवा, आठवड्याने परत जोडलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे.

रांगणारा_इन्स्पेक्टर

पेस्टवाल्या दादांनी बरोबर जागी बोट ठेवलं. इकडे ओशाने २०१५ पासून बांधकामातल्या बंदिस्त जागांच्या नियमात क्रॉल स्पेस नाव घेऊन घातलीय. घरमालकाला तो नियम लागू नाही, पण हवा मालक-कामगार बघत नाही. खाली गॅसचा फर्नेस किंवा वॉटर हीटर असेल तर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म खिशात ठेवून जा, घरातलाच चालतो, पी१०० मधून तो वायू सरळ आत येतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर काही बघत बसू नका, बाहेर. बाहेर एक माणूस हवाच, दर दहा मिनिटांनी हाक, उत्तर आलं नाही तर त्याने आत शिरायचं नाही, ९११ या आपत्कालीन नंबरला फोन.

नवा_घरमालक_केरी

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. खाली गॅसचं काही नाही, वॉटर हीटर गॅरेजमध्ये आहे आणि ड्रायर इलेक्ट्रिक. ऑर्डर केलं: ६२०० मास्क, २०९१ चकत्या, टायवेक डबल एक्सएल (मला एल बसतो), मऊ नी पॅड, कोपरांचे पॅड मुलाच्या स्केटिंगचे आहेत तेच, बंप कॅप, चष्म्यावरचे गॉगल, ग्लोव्हज. शिवाय लाकडातली ओल मोजायचं दोन पिनांचं मीटर. सगळं मिळून बजेटच्या थोडं वर गेलं. दाढीचं अजून ठरत नाहीये. परत येतानाचं कुणी सांगेल का?

रांगणारा_इन्स्पेक्टर

बाहेर पडलात की दाराशीच थांबा, आधीच तिथे एक मोठी कचऱ्याची पिशवी, पाण्याची बाटली आणि ओले वाइप्स ठेवून जा. मास्क सगळ्यात शेवटी काढायचा, लोक बाहेर आल्या आल्या पहिला तोच काढतात आणि मग सूट झटकतात, म्हणजे दीड तास अडवलेली धूळ अर्ध्या मिनिटात ओढतात. बाहेरचे ग्लोव्हज काढा, चेन उघडा, सूट आतून बाहेर गुंडाळत खाली न्या, गुंडाळी पिशवीत. मग गॉगल, मग आतले निळे ग्लोव्हज, हात धुवा आणि मग मास्क मागच्या पट्ट्या धरून. आतले कपडे सरळ मशीनला, बाकी कपड्यांत नाही. सरळ अंघोळ, आधी गार पाणी, फायबरग्लास लागलं असेल तर गरम पाण्याने आणि चोळून आणखी खाजतं. गोचीड बघा, काखेत, कमरेला.

ओलीचं मीटर घेतलंत ते छान. १९ टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड निवांत आहे, २० च्या पुढे गेलं तर ओल कुठून येतेय ते शोधायचं, २८ च्या आसपास रेंगाळत असेल तर कुजायला सुरुवात होते. जाड स्क्रूड्रायव्हर पण न्या, टोक सहज आत गेलं तर कुजलंय.

नवा_घरमालक_केरी

काल शनिवारी जाऊन आलो. जिवंत आहे, लिहितोय.

दाढी काढली. सात वर्षांनी. मुलगा दोन मिनिटं जवळ आला नाही आणि आईने कॉलवर "आता कसा माझा बाळ दिसतोस" म्हणून तीनदा स्क्रीनशॉट काढला. पण सीलची टेस्ट केली तेव्हा कळलं की आदल्या दिवशी दाढीवर लावून बघितला होता तेव्हा मला वाटत होतं बसलाय, तो अजिबात बसला नव्हता. आता अंगठे दाबून श्वास घेतला तर खरोखर चेहऱ्याला चिकटला.

बायको दारात खुर्ची टाकून बसली चहा घेऊन, दर दहा मिनिटांनी "आहेस का रे" असा आवाज. लाँड्री आणि खालच्या लाइनचे ब्रेकर बंद. पहिले वीस फूट आरामात. मग एक मोठा डक्ट आडवा, त्याच्या खालून पोटावर. तिथे ते उंट रातकिडे, भिंतीवर पन्नास-साठ तरी, त्यातला एक गॉगलच्या काचेवर बसला. डोकं आपटलं, टोपी होती. नंतर टोपी काढून बघितली, खिळ्याने प्लॅस्टिकवर अर्धा इंच चीर.

आणि सापडलं काय सांगू. ड्रायरचा पाइप. ड्रायरची गरम हवा भिंतीतून बाहेर जायला हवी तो पाइप जोडावर निखळून खाली पडलेला, म्हणजे आम्ही येऊन पाच महिने आणि आधीचे लोक किती वर्षं कोण जाणे, सगळ्या कपड्यांची वाफ आणि लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले तंतू, घराखाली सोडत होतो. खाली करड्या कापसाची गादी तयार झालेली, वीतभर उंचीची. वरच्या प्लायवूडला मीटर लावलं तर २६, चार फूट बाजूला २१, आणि दाराजवळ १४. म्हणजे अख्खी पोकळी ओली नाहीये, हाच एक कोपरा आहे. दबत होती ती जागा बरोबर त्याच्या वर. स्क्रूड्रायव्हर एका ठिकाणी पाव इंच गेला, जॉइस्टमध्ये गेला नाही. वाळवीच्या नळ्या नाहीत, सगळीकडे बघितलं. प्लॅस्टिकची शीट त्या बाजूला बाजूला सरकलेली होती, आणि इन्सुलेशनच्या दोन पट्ट्या लोंबत होत्या.

गिअरचं खरं सांगतो, मास्क आणि टोपी यांचे पैसे वसूल. सूट डबल एक्सएल असूनही डाव्या मांडीला फाटला, तरी बाकी धरला. नी पॅड आत बांधले म्हणून सरकले नाहीत. चुका पण केल्या, मोबाइल ट्रॅक पँटच्या खिशात ठेवला आणि वरून चेन बंद, टेप मारलेली, त्यामुळे ज्यासाठी गेलो त्याचा फोटो काढायला मोबाइल बाहेर काढता येईना, शेवटी परत दाराशी जाऊन बायकोकडून टेप काढून घेतली आणि दुसरी फेरी. आणि पाणी प्यायलो नाही आधी, बाहेर आलो तेव्हा टीशर्ट पिळून घेण्यासारखा. आत गारवा असतो या भरवशावर राहू नका, सूटमध्ये ठाण्याचा मे महिना असतो.

आज हँडीमन येऊन कडक पत्र्याचा पाइप बसवून गेला, लिंट मी पिशव्यांत भरून काढणार आहे पुढच्या शनिवारी. मग महिनाभर मीटरने आकडे बघत राहीन. ते पाच आकडी कोटेशन तूर्तास ड्रॉवरमध्ये.

डेन्व्हरची_मावशी

वा! लिंट काढताना पण मास्क घाला आणि आधी उंदराचं घरटं नाहीये ना ते काठीने उकरून बघा, त्यांना लिंट फार आवडते.

अटलांटाचा_बाप्पू

मी आत्ता उठून माझ्या ड्रायरचा पाइप बघून आलो. शेवटी एक टेप सुटलेली आहे. रबरी मास्कची लिंक टाका.

नवा_घरमालक_केरी

टाकतो मेसेजमध्ये. इन्स्पेक्टर दादा, शेवटचा प्रश्न, पुढच्या शनिवारी त्याच चकत्या चालतील का? आणि सूट टेप लावून परत वापरू?

रांगणारा_इन्स्पेक्टर

चकत्या चालतील, ओल्या झाल्या नसतील आणि श्वास घ्यायला जड जात नसेल तर. बाहेरून कोरड्या कपड्याने हलकेच पुसा, झटकू नका, हवा मारू नका, मास्क वाइपने पुसून वाळवा आणि झिपलॉकमध्ये ठेवा, खाली आत कुठेतरी खिळ्याला लटकवून नाही. सूट फेका. आणि शनिवारी सकाळी परत दाढी करा, सहा दिवसांत तुमची किती वाढते ते फोटोवरून दिसतंय.